कारखान्याचा सातबारा

दुपारची जेवणं आटोपली की यशोदा स्वतः उठून मागच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या लावून घ्यायची. कडी बसली की नाही ते बोटानं चाचपायची, दारावर जुनं लुगडं टांगायची, आणि मगच सुनेला म्हणायची, "हां, काढ आता तुझा तो डबा."

डबा सोल्युशनचा. झाकण उघडलं की आधी गोडसर आणि मग घशाशी येणारा वास खोलीभर व्हायचा. हेमांगी ब्रशानं पट्ट्यावर सोल्युशनची रेघ ओढायची, फुंकर घालायची आणि चिमट्यानं एकेक खडा बसवायची. पांढरा, गुलाबी, पांढरा, गुलाबी. बायकांच्या चपलांचे पट्टे होते ते. गोखिवऱ्याच्या गाळ्यातून गोणीनं यायचे, खडे लागले की गोणीनं परत जायचे. तिथं त्यांना तळवे लागायचे आणि मग समुद्रापलीकडच्या कुठल्या बायांच्या पायात जायचे ते देवाला ठाऊक.

हे काम घरात आणलं पावसानं. त्या वर्षी दिवाळी झाली तरी तो जायचं नाव घेईना. चांदीपच्या शिवारात कापून पसरलेलं भात जागच्या जागी भिजलं, लोंब्यांना मोड आले. यशोदेचा नवरा हरिश्चंद्र मूठभर लोंब्या घेऊन आला, ओट्यावर ठेवल्या आणि हातपाय धुवायला निघून गेला. मुलगा कुशल कंपनीत पाळीवर जायचा, पण ती पाळीही आठवड्यातून चारच दिवस भरायची. तेव्हा एमिली आली. ही वसई पश्चिमेची, पन्नाशीची बाई. स्कूटरच्या पुढे-मागे गोण्या बांधून पूर्वेची गावं फिरायची, गाळ्याचा माल घरोघर वाटायची. ओट्यावर बसून तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, काकी, सावलीतलं काम हाय, सून बसल्या जागी करील.

यशोदेनं दोन दिवस नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी हो म्हटलं ते अटीवर. गोणी मागल्या दारानं यायची, आळी दुपारची आडवी झालेली असेल तेव्हा. आणि कुणाला सांगायचं नाही. कारण हे बागायतीचं घर. तिच्या सासऱ्यांची तोंडली मुंबईच्या बाजारात त्यांच्या नावानं विकली जायची, दलाल गाडीची वाट बघत थांबायचा. त्या घरच्या सुनेनं लोकांच्या पायातले पट्टे चिकटवत बसावं, हे आळीला कळण्यापेक्षा यशोदेनं विहीर जवळ केली असती. पायताण करणाऱ्यांच्या हाताला काय कला असते हे तिला कळत होतं, त्यांच्याकडून ती आयुष्यभर चपला शिवून घेत आली होती. पण कळणं वेगळं आणि शेजारच्या मीरेनं कुंपणापलीकडून भुवई उंच करणं वेगळं.

म्हणून खिडक्या बंद. स्वतः यशोदा पहिले चार दिवस आत बसली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा पुढच्या ओट्यावर राखणीला बसू लागली. कुणी आलंच तर वाल निवडता निवडता सांगायची, सून जरा पडलीय. आळीत बोलवा झाली की हरिश्चंद्राची सून फार झोपते. हेमांगीनं तेही ऐकून घेतलं.

ती तशीच होती. अठरा वर्षांपूर्वी माप ओलांडून आली तेव्हा यशोदेनं म्हटलं होतं, पोर कामाला वाघीण हाय पन तोंडात जीभ नाय, माझ्या घरात कशी टिकायची? ती टिकली, आणि तिच्याशिवाय घराचं पान हलेना. यशोदेनं हे तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं की माणूस माजतं, अशी तिची समजूत.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. खोलीत पंखा लावला तर खडे उडायचे, म्हणून पंखाही नाही. हेमांगीचं डोकं दुखायचं, जेवण जायचं नाही. यशोदा तिला सुंठ उगाळून द्यायची.

या खेपेला भात बरं आलं. कापणीला हेमांगी भारा डोक्यावर घेऊन बांधावरून येत होती, ती सरळ खाली चिखलात बसली. पाय मुरगळला म्हणाली. चार दिवसांनी पुन्हा. मग उंबरठ्याला पाऊल अडायला लागलं. एक दिवस दुकानातून साखर घेऊन आली तर एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. वाटेत कधी निसटली तिला पत्ता नव्हता. तापलेल्या डांबरावरून, खडीवरून ती तशीच चालत आली होती.

यशोदेची जीभ सुटली. "सीतामाईनं वाटंत दागिने टाकले ते खुनेला. तू चपला टाकतेस होय? कोन येनार हाय तुला सोडवायला?"

हेमांगी हसली. मग तिनं खाली पाहिलं. अंगठा फुटला होता आणि ओट्यापर्यंत रक्ताचे ठिपके आले होते.

"वारं शिरलंय पायात," यशोदा म्हणाली. वाऱ्यावर तिच्याकडे औषध होतं, सासूकडून आलेलं. वीट चुलीत तापवायची, फडक्यात गुंडाळायची, तळव्यावर रुईची पानं ठेवून वरून शेक द्यायचा. संध्याकाळी तिनं सुनेला भिंतीशी बसवलं आणि तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला. हेमांगी अवघडून गेली, सासूच्या मांडीवर पाय कसा ठेवायचा म्हणाली. यशोदेनं तिला गप्प बसवलं. मग ती शेकत राहिली आणि सून छपराकडे बघत यंदाच्या कैऱ्यांविषयी बोलत राहिली. मागच्या झाडाला मोहोर धरला तर लोणचं दोन बरण्या घालायचं, एक भाची अश्लेषाला विरारला द्यायची.

यशोदेला वास आला. फडकं बाजूला सरलं होतं, पान सुकून चुरगळलं होतं आणि वीट उघडी तळव्याला लागलेली होती. कातडी पांढरी होऊन वर आली होती. तिनं वीट झटकून टाकली. तिचे स्वतःचे हात भाजले.

"लागत नाय तुला?"

"काय, आई?" हेमांगीनं विचारलं, आणि आपलं कैऱ्यांचं बोलणं तिथंच थांबवलं.

विरारच्या डॉक्टरांनी तळवा बघितला, गुडघ्यावर हातोडी मारली, टाचणी टोचून बघितली. कसलं काम करता म्हणून विचारलं. हेमांगीनं सासूकडे पाहिलं. बाकावर आळीतलंच एक जोडपं बसलं होतं.

"शेतीचं," यशोदा म्हणाली. "बायांना दुसरं कसलं काम असतं?"

डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं दिली आणि महिन्यानं यायला सांगितलं. एस.टी.त दोघी शेजारी बसल्या. चांदीपच्या फाट्याला यशोदेनं सुनेला हात धरून उतरवलं.

मामीला भाजलंय कळल्यावर रविवारी अश्लेषा आली. ही यशोदेच्या लेकीची लेक. विरारला फ्लॅटात राहायची, कुठल्याशा कचेरीत कॉम्प्युटरवर आकडे जुळवायचं काम करायची. आजी तिला म्हणायची, तू दिवसभर आकडे निवडतेस, मी वाल निवडते, किडका कुठला हे दोघींना कळतं. पोरगी घरात आली आणि दारातच थबकली. वास कसला, म्हणाली. यशोदेनं फिनेलचा म्हणून सांगितलं. तोवर अश्लेषानं लुगडं बाजूला केलं होतं.

ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा हातात डबा होता, गोणीवरची चिठ्ठी होती आणि एक पट्टा होता. ओट्यावर मांडी घालून बसली, मोबाइल काढला आणि पट्ट्याच्या मागचा बारीक नंबर वाचू लागली. यशोदा तिच्या डोक्यावर उभी. हरिश्चंद्र खांबाला टेकून बसलेला. हेमांगी पाय पसरून, पायाला पट्टी.

चहा झाला, दुसरा झाला, तेव्हा कुठे पोरगी बोलू लागली. बाहेरच्या देशांतल्या मोठ्या कंपन्यांना हल्ली आपला माल कुठल्या कुठल्या कारखान्यात बनतो त्याची यादी उघड्यावर मांडावी लागते. कारखान्याचं नाव, पत्ता, माणसं किती, सगळं. कुणीही घरबसल्या बघावी. गोणीवरच्या चिठ्ठीवरून तिला गोखिवऱ्याचा गाळा सापडला होता, पट्ट्याच्या नंबरावरून चपलेचा फोटो सापडला होता. फोटोत एक गोरी बाई पाय दुमडून बसलेली, पायात पांढरे-गुलाबी खडे. हेमांगी पुढं झुकून बघत राहिली. तिनं बसवलेले खडे तळव्यासकट तिनं प्रथमच पाहिले.

"म्हंजे सातबारा झाला की," यशोदा म्हणाली. "कारखान्याचा."

"तसंच समज, आजी."

"मग वाच उतारा."

अश्लेषानं वाचला. कामगार अडतीस. त्यात बाया सोळा. बाहेर घरोघरी दिलेलं काम : नाही.

"परत वाच."

तिनं परत वाचलं. मग दुसरीच एक यादी काढली. बंदरातून कुणाचा किती माल गेला त्याची. ती म्हणाली, या अडतीस माणसांनी जेवणखाण सोडून नुसते खडेच बसवले असते तरी वर्षात एवढे जोड निघत नाहीत, निम्मेसुद्धा नाहीत. म्हणजे उरलेले कुणीतरी बसवले, आणि ते कुणीतरी कागदावर नाही.

यशोदा खाली बसली. वर्षभर तिनं एकाच गोष्टीचा घोर लावून घेतला होता, की हे कुणाला कळू नये. आणि आता समुद्रापलीकडे कुणीतरी तेच लिहून ठेवलं होतं, तिच्यापेक्षा पक्कं, शिक्क्यानिशी. तिला बरं वाटायला हवं होतं. 

"नाही म्हंजे? आमी नाय? ही बसलेली नाय?" तिनं सुनेकडे बोट केलं. "घरबसली पीकपाहणी केली मेल्यांनी. तलाठी शेताच्या बांधाला पाय लावत नाय आनि चावडीत बसून लिहितो, पीक नाय, पडीक. तसं."

हरिश्चंद्र खांबापासून म्हणाला, "बाबांचं पन तसंच होतं. तीस वर्सं कसली, सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. कूळ म्हनून नाव लागलं तेव्हा जमीन झाली." तो दिवसाकाठी एवढंच बोलायचा, आजचं बोलून झालं.

मग अश्लेषानं डबा फिरवला आणि मागची बारीक अक्षरं वाचली. हे बंद जागेत वापरू नये. वास सतत श्वासात गेला तर नसा मरत जातात. आधी पायांच्या, मग हातांच्या. दुसऱ्या देशांतल्या चपलांच्या कारखान्यांत असं झाल्याच्या नोंदी होत्या, त्याही उघड्याच होत्या, कुणी शोधल्या नव्हत्या इतकंच. वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला.

"मामी, तुम्ही खिडक्या उघड्या ठेवता ना?"

"ठेवतो की," हेमांगी म्हणाली. पटकन म्हणाली, सासूचं तोंड उघडायच्या आत.

यशोदेनं सुनेकडे पाहिलं. जिच्या तोंडात जीभ नव्हती ती तिच्यासाठी खोटं बोलली होती, आणि तेही पाय पुढे पसरून.

"नाय ठेवत," ती म्हणाली. "मी लावते. रोज. कडी मी घालते."

 हरिश्चंद्र उठून मागे गेला, आणि तिकडून खिडक्यांच्या कड्या काढल्याचा आवाज आला.

सोमवारी यशोदा सुनेला घेऊन पुन्हा विरारला गेली. दवाखाना भरलेला होता. तिनं पडद्याआड जायची वाट पाहिली नाही, दारातच म्हणाली, डॉक्टर, मागच्या खेपेला मी खोटं बोलले, आमी चपलांचं काम करतो, बंद खोलीत. डॉक्टर तरुण होता, चिडला. इतके दिवस फुकट घालवलात, या बाईंचे पाय घालवायचेत का, असं सगळ्यांदेखत म्हणाला. तिच्या मुलाच्या वयाचा माणूस तिला रागावत होता आणि यशोदा पदर सावरून, मान खाली घालून ऐकत उभी राहिली. हेमांगीलाच ते बघवेना. मग डॉक्टरांनी सांगितलं की सोल्युशनच्या वाऱ्यालासुद्धा जायचं नाही. थांबवलं तरी आधी दोन महिने वाढेल, घाबरायचं नाही, मग हळूहळू उतरेल. पूर्ण उतरेल का, या प्रश्नावर तो म्हणाला, बघू.

तसंच झालं. पुढच्या आठवड्यांत हेमांगीला पायऱ्या चढता येईनात. कुशल तिला उचलून न्हाणीत नेऊन बसवायचा. यशोदा तिची वेणी घालायची, ओढून, करकचून, आणि घालताना बडबडायची की एवढे केस आनि डोकं एवढंसं. हेमांगी म्हणायची, आई, डोकं अजून जागेवर आहे, हळू.

एमिली गोण्या न्यायला आली तेव्हा यशोदेनं तिला सगळं सांगितलं. यादीत चूक असेल तर कुणीही कळवू शकतं, नावानं किंवा बिननावानं, हे अश्लेषानं समजावलं होतं. पण एका घराच्या बोलण्यानं कंपनी हलणार नाही, चार-सहा घरं लागतील, हेही सांगितलं होतं. तर आनखी कुनाकडे काम देतेस ते सांग, असं यशोदा म्हणाली.

एमिलीचा चेहरा उतरला. प्रत्येक घरानं तिला शपथ घातली होती. आणि नाव लागलं की काय होतं ते तिला माहीत होतं. कंपनी लफडं नको म्हणून गाळाच सोडते, दुसऱ्या गावी जाते. गाळ्याचा मालक शेठ हर्षवर्धन, त्याला दुसरा धंदा मिळेल. "पन बायांचं काय, काकी? तुझा कुशल कमावतो. विधवा हायेत त्यात. तू तुझ्या सुनेपायी सगळ्यांची चूल विझवशील."

ते खरं होतं. अश्लेषाला फोनवर विचारलं तर तीही म्हणाली, आपण लिहू की काम काढून घेऊ नका, काम नीट करा, पण ऐकतीलच असं नाही, आजी.

त्या दुपारी यशोदा एक वाजता चपला घालून आळीतून चालत गेली. ऊन लख्ख होतं, वारा सुटला होता, असल्या हवेत कुणी खिडकी लावत नाही. सहा घरांच्या लावलेल्या होत्या. सहांच्याही मागच्या दारावर काही ना काही टांगलेलं होतं. कुठे चादर, कुठे सतरंजी. मीरेच्या घराला तर नवा कोरा पडदा. यशोदा तिथं थांबली आणि एकटीच हसली. वर्षभर दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना बसून एकमेकींपासून एकच वास लपवत होत्या.

संक्रांत जवळ आली होती. हळदीकुंकवाला दर वर्षी आळी यशोदेकडे यायची. या वेळी तिनं निरोप धाडला की सवाष्णीच नव्हे, सगळ्या बायांनी यायचं, विधवांनीही. यंदा ती सगळ्यांचे पाय धुणार आहे. बायांना नवल वाटलं. यशोदा कुणाचे पाय धुते? पण नवल बघायला बाया हटकून येतात. एमिलीलाही बोलावलं.

पाणी तिनं पहाटेच विहिरीचं काढून पडवीतल्या सावलीत ठेवलं होतं, पौषातलं, दात वाजवणारं. पाट मांडला, परात ठेवली आणि गुडघे धरत खाली बसली. पहिलीचा पाय परातीत घेऊन वरून तांब्या ओतला तशी ती किंचाळली, काकी, केवढं गार, आणि पाय ओढून घेतला. बाया हसल्या. दुसरी हसली, तिसरीनं बोटं आखडली. चौथीनं काहीच केलं नाही. हातातलं वाण बघत राहिली. यशोदेनं आणखी एक तांब्या ओतला. ती बघतच राहिली.

यशोदेनं पाय पुसला, कुंकू लावलं, पुढचीला बसवलं. सतरा बाया झाल्या. पाय न हलवणाऱ्या चार. मीरा शेवटून दुसरी होती. तिचे पाय परातीत असतानाच यशोदा बोलायला लागली. हेमांगीचं सांगितलं, डब्यामागची अक्षरं सांगितली, खिडक्या कुणी लावल्या तेही सांगितलं. यादीत आपण नाही म्हणून लिहिलंय हे सांगितलं. कुणी तोंडाला पदर लावला. कुणी दाराकडे पाहिलं.

मीरा ताठ बसून म्हणाली, आमच्याकडं असलं काही काम होत नाय, तू तुझ्या घरचं बघ.

"बघते," यशोदा म्हणाली. "पन मीरा, एवढं सगळं बोलून झालं, तुझे पाय अजून परातीतच हायेत."

मीरेनं खाली पाहिलं. गार पाण्यात तिची बोटं निळी पडत चालली होती. ती परातीकडे बघत बसली, आणि मग तिला रडू फुटलं. यशोदेनं ते पाय बाहेर काढले, आपल्या पदरात घेतले आणि चोळत राहिली. या बाईशी तिनं कुंपणावरून सहा वर्षं भांडण केलं होतं.

एमिली सगळ्यांत शेवटी बसली. आमच्या चर्चमध्ये ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, ती हळूच म्हणाली, पन आमा बायांपर्यंत पाळी कधी आली नव्हती. तिनं पाय आखडला, तिला गार लागलं होतं. पण ती त्या चौघींकडे बघत होती. गोण्या त्यांच्या दारात तिनंच उतरवल्या होत्या.

"बाकीच्या गावांची घरं पन लिहून घे," ती म्हणाली. "एकोनतीस हायेत. मी सांगते."

रविवारी अश्लेषा ओट्यावर बसून मोबाइलवर यादीतल्या चुकीची तक्रार भरत गेली. नाव द्यायचं की नाही, विचारलं. आळीतल्या सात घरांपैकी तिघांनी नको म्हटलं. यशोदा म्हणाली, "माझं पुरं घाल. यशोदा हरिश्चंद्र राऊत. खालची आळी, चांदीप. विहिरीच्या पुढचं घर, तोंडलीवाले, असं पन घाल, नायतर सापडनार नाय." अश्लेषानं तेही घातलं.

नंतरचे दिवस गोडीचे गेले नाहीत. काम बंद झालं. दोन घरांनी यशोदेशी बोलणं टाकलं, एकीनं तर विहिरीवर तिच्यादेखत कळशी उपडी केली. एमिलीची स्कूटर दीड महिना उभी होती. शेठचा माणूस येऊन सांगून गेला की म्हातारे, फार शहाणपणा बरा नाही. यशोदेनं त्याला बसायला पाट दिला, गूळपाणी दिलं आणि विचारलं, तुझ्या आईचं वय काय? तो गूळ न खाताच गेला.

शिमग्याच्या आधी कंपनीकडून एक बाई आली, हातात कागद, बरोबर शेठ हर्षवर्धन. बाईनं हिंदीत विचारायला सुरुवात केली. यशोदेनं तिला थांबवलं. आधी आत चला म्हणाली. दोघांना मागच्या खोलीत चटईवर बसवलं, खिडक्यांच्या कड्या घातल्या, लुगडं सोडलं आणि कोपऱ्यात उरलेल्या डब्याचं झाकण काढलं. हेमांगीला तिनं आधीच मीरेकडे धाडलं होतं. पाच मिनिटं झाली. बाईनं रुमाल नाकाला लावला. शेठ घाम पुसत उठायला लागला.

"बसा की, शेठ," यशोदा दारात उभी राहून म्हणाली. "आमी वरीसभर बसलो."

बाई उठली नाही. ती पुढं पंधरा मिनिटं तिथंच बसून लिहीत राहिली, आणि बाहेर आल्यावर पडवीत ओकली. यशोदेनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. वाईट नव्हती पोर.

कंपनी गेली नाही. निदान या मोसमात तरी नाही. पाण्यातलं सोल्युशन आलं, त्याला वास नव्हता आणि खडे जरा उशिरा धरायचे, म्हणून बाया कुरकुरल्या. काम आता ओट्यावर, चारचौघांत चालायचं. त्या चौघींची आणि हेमांगीची तपासणी गाळ्याच्या खर्चानं झाली. यादीतली ओळ बदलली, असं अश्लेषानं फोनवर वाचून दाखवलं. एमिलीनं सांगितलेल्या एकोणतीस घरांपैकी अकरांचीच चौकशी झाली होती. उरलेल्यांचा तगादा यशोदेनं अश्लेषामागे लावला, इतका की पोरगी तिचा फोन आला की आधी म्हणायची, आजी, पाठवलंय, उत्तर नाही आलं.

वैशाख लागला. मागच्या झाडाला कैऱ्या भरून आल्या होत्या. हरिश्चंद्र आकडी लावलेल्या काठीनं वरून पाडत होता, यशोदा टोपलीत गोळा करत होती. हेमांगी काठीच्या आधारानं झाडापर्यंत चालत आली होती आणि मुळावर बसून देठ मोडत होती. दोन महिन्यांत पावलं जरा उचलायला लागली होती, पण तळवे अजून मेलेले होते, लाकडाचे असावेत तसे. डॉक्टर अजून "बघू" म्हणत होता.

वरून एक डहाळी पानांसकट खाली आली, आणि पानांत तांबड्या मुंग्यांचं घर. हेमांगीच्या पायाशीच फुटलं. यशोदा ओरडणार, तेवढ्यात हेमांगीच ओरडली.

"आई गं, चावली. मेली चावली."

"कुठं?"

"बोटाला. अंगठ्याच्या शेजारच्या." तिनं पाय झटकला. तिचा तिनं झटकला. मग ती थांबली, आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

यशोदेनं टोपली तिथंच सोडली. धावत आली, धपकन मातीत बसली, सुनेचं पाऊल दोन्ही हातांत धरलं. बोटाला मुंगी लोंबकळत होती, दात रुतवून. यशोदेनं ती काढली नाही.

"अजून लागतं?"

"लागतं ना. आग होते. काढा की ती."

"कशी आग? सुईसारखी का मिरचीसारखी? नीट सांग."

"मिरचीसारखी. आई, काढा."

हरिश्चंद्र आकडी खाली टेकवून विचारत होता, काय झालं, कोन पडलं. यशोदेच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तोंड हसत होतं. ती मुंगीला शिव्या घालत होती, सुनेला शिव्या घालत होती की एवढ्याशा मुंगीला एवढा गळा काढतात का, शेजारीपाजारी काय म्हणतील. कुंपणापलीकडून मीरा डोकावली.

"काय गं, यशोदा, काय झालं?"

"चावली," यशोदा मातीत बसूनच ओरडून म्हणाली. "आमच्या हेमांगीला मुंगी चावली."